आलं की कळेल

माझी मुलगी घराबाहेर पडताना नळ तीनदा तपासते. लांबून बघून तिचं भागत नाही. हात लावते, पिळते, खाली तळवा धरून थेंब पडतोय का ते बघते आणि मग पुढच्या नळाकडे जाते. एकोणीस वर्षांची आहे. पुण्यात इंजिनिअरिंग शिकते, एका मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहते, रिक्षावाल्यांशी हुज्जत घालते, कुणाच्या बापाला भीत नाही. नळाला मात्र भिते.

गेल्या सुट्टीत ती रियाधला घरी आली होती. दुसऱ्याच दिवशी आम्हाला एका ओळखीच्या डॉक्टरांकडे जेवायला जायचं होतं. टॅक्सी खाली येऊन उभी होती, नवरा लिफ्टचं दार पायाने अडवून उभा होता, मी हातात शिऱ्याचा डबा घेऊन आणि लेक पुन्हा घरात. बेसिन, बाथरूम, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीनच्या मागचा कॉक. बाहेर आली, कुलूप लावलं, दोन पावलं टाकली आणि परत कुलूप उघडलं.

"जाऊ दे तिला," नवरा हसत म्हणाला. "दुधाने तोंड पोळलंय तिचं, ताक फुंकणारच."

तो प्रेमानेच म्हणाला. पण ते दूध कुणी तापवलं होतं, हे त्या लिफ्टपाशी फक्त मला ठाऊक होतं. मी डब्याचं झाकण घट्ट करत राहिले. ते आधीच घट्ट होतं.

मी इथल्या एका इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे काम करते. चौदा वर्षं झाली. आमच्याकडे चूक झाली की फॉर्म भरायचा असतो. काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. असे फॉर्म मी स्वतःच्या सहीने भरले आहेत आणि त्यावरून वरिष्ठांनी माझं कौतुकही केलं आहे, की बघा, किती प्रामाणिक बाई. घरात असा फॉर्म नसतो. आठ वर्षांपूर्वीची एक चूक माझ्याकडे तशीच पडून आहे. ती आज लिहून काढते.

नवरा रियाधच्या ओलाया भागातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करतो आणि उरलेल्या वेळात छंद करतो. त्याचे छंद म्हणजे तेरड्याचा रंग तीन दिवस. आधी कॅमेरा झाला, मग सायकल झाली, मग घरी पाव भाजणं झालं. मग एक दिवस मायदेशी परत निघालेल्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडून तो कॅम्पर व्हॅन घेऊन आला. पांढरी, लांबुळकी, पाठीला शिडी. आत एक पलंग, दोन बर्नरची शेगडी आणि ताटाएवढं सिंक. मला तो सगळा प्रकार चाकांवरची भातुकली वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. माझी जीभ अशीच आहे, उचलली की लावली टाळ्याला.

लेक मात्र वेडी झाली त्या गाडीने. तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळा इंग्लिश, मैत्रिणी मल्याळी आणि हैदराबादी, त्यामुळे मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्ये यायचं. बाबाने तिला गाडीचं पाणीखातं दिलं. "आजपासून तू पाणीमंत्री," असं जाहीर केलं आणि तिने ते खातं इतक्या गंभीरपणे घेतलं, जितकं खरे मंत्रीसुद्धा घेत नसतील.

कॅम्पवर प्रत्येक जागेपाशी एक छोटा खांब असतो, त्याला नळ असतो. तिथून गाडीत पाणी घ्यायचं. दिसायला सोपं, पण त्याला क्रम आहे. आधी खांबावरचा नळ नुसता सोडायचा, गंजाचं पाणी जाऊ द्यायचं. मग नळाला पितळेचा एक गोळा बसवायचा. तो पाण्याचा दाब कमी करतो, नाहीतर गाडीतल्या बारीक नळ्या फुटतात. मग निळा पाइप. पाइपातून थोडं पाणी वाहू द्यायचं. मग पाइपाचं दुसरं टोक गाडीच्या कुशीतल्या भोकात दाबायचं, टक् असा आवाज येईपर्यंत. टक् नाही झालं तर दाबाने पाइप निसटतो. शेवटी आतला नळ उघडायचा. तो आधी खोकतो, मग थुंकतो, मग वाहतो. हे खोकणं-थुंकणं बघायला लेक सिंकला नाक लावून उभी राहायची.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम: गाडी सोडून कुठेही जायचं असेल तर खांबावरचा नळ बंद. आपण नसताना पाइप निसटला, तर वाळवंटात पाणी वाहून जाणार. हा सगळा क्रम तिने वहीच्या कागदावर रंगीत पेनाने लिहिला आणि गाडीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. शेवटच्या ओळीखाली लाल रेघा मारल्या होत्या. दोन.

आता माझं माहेर सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. कधी दहा. ते नक्की कधी येणार हे कुणालाच माहीत नसायचं, पाणी सोडणाऱ्यालाही नसावं. मग काय करायचं? तर कोरडा नळ पूर्ण उघडा करून ठेवायचा. नळीचं टोक बादलीत सोडायचं, पाणी जोरात आलं की नळी उसळून बाहेर पडू नये म्हणून तिच्यावर एक दगड ठेवायचा आणि आपापल्या कामाला लागायचं. पाणी आलं की बादली वाजायची. एका घरात वाजली की अख्खी गल्ली जागी व्हायची. आमच्या नळापाशी एक चपटा, काळा दगड वर्षानुवर्षं होता. "नळ सोडून ठेव गं, आलं की कळेल," हे वाक्य मी आईच्या तोंडून जितक्यांदा ऐकलं असेल, तितक्यांदा माझं नावही ऐकलं नसेल.

रियाधमध्ये जन्मलेल्या माझ्या मुलीला हे कधी कळलंच नाही. मी आईला फोनवर विचारायचे, "पाणी आलं का गं?" तेव्हा लेक मला विचारायची, "व्हेअर डिड इट गो?" तिच्या जगात पाणी येत-जात नव्हतं. नळ उघडला की ते असायचंच. मला त्याचा रागच यायचा. ती दात घासताना नळ वाहता ठेवायची, तेव्हा माझं भाषण सुरू व्हायचं: आमच्याकडे एका बादलीत अंघोळ, त्याच पाण्यात कपडे, तेच पाणी जास्वंदीला. पाहुण्यांची मुलंही माझ्या तावडीतून सुटायची नाहीत. पाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही, अशी माझी मिजास होती.

त्या शुक्रवारी आम्ही रियाधपासून दीड तासावरच्या एका कॅम्पवर होतो. थंडीचे दिवस होते. डोंगराच्या पायथ्याशी आठ जागा, मध्ये चौथऱ्यावर पाण्याची एक काळी टाकी, आणि सगळं बघायला उत्तर प्रदेशातले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळेच चाचा म्हणत. टाकी एक दिवसाआड टँकरने भरली जायची. आमची जागा सगळ्यांत शेवटची, एका मोठ्या खडकाच्या आड. एकांत मिळावा म्हणून नवऱ्याने मुद्दाम मागून घेतली होती.

जेवणं झाल्यावर बापलेकीने बूट चढवले. वरच्या कड्यावर दगडांत शिंपल्यांचे ठसे सापडतात, ते शोधायला जायचं होतं. लेकीने खांबावरचा नळ बंद केला, माझ्याकडे वळून सॅल्यूट ठोकला आणि म्हणाली, "टॅप क्लोज्ड, आई!"

मी हे पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं, "दोन भांडी विसळून आलेच." ते वर निघाले. मी खांबापाशी गेले आणि नळ उघडला. पाणी नाही. नुसता फुस्स करून वारा आला. टाकीचा तळ दिसायला लागला म्हणून टँकर येईपर्यंत चाचांनी मुख्य कॉक बंद केला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी काही विचारच केला नाही. विचार करायची गरजच नव्हती, हातांना सगळं पाठ होतं. गाडीत गेलेला पाइप ओढून काढला, बादलीत सोडला, आजूबाजूला बघून एक चपटा दगड शोधला, पाइपावर ठेवला. नळ पूर्ण उघडा केला.

"येतेस ना?" वरून नवरा ओरडला. "ऊन उतरतंय!"

मी गाडीला कुलूप लावलं आणि गेले.

कड्यावर आम्ही दोन-अडीच तास होतो. लेकीला मुठीएवढा एक दगड सापडला, त्यात शिंपल्याचा पूर्ण ठसा होता. "म्हणजे इथे समुद्र होता!" ती ओरडली, चक्क मराठीत. मला फार आनंद झाला होता, हेही आठवतं. वरून आम्ही टँकर येताना पाहिला, जाताना पाहिला. नवरा म्हणाला, "चला, आज अंघोळीला पाणी." तेव्हासुद्धा मला आठवलं नाही. मी म्हटलं, "जपून वापरा."

उतरताना मी पुढे होते. खडकाला वळसा घातला आणि आमच्या गाडीखालची वाळू काळी दिसली. ओली वाळू काळी दिसते. तो काळा पट्टा गाडीखालून निघून पार उतारापर्यंत गेला होता. बादली भरून वाहत होती, पाइपावरचा दगड जिथल्या तिथे होता. टाकीतलं शेवटचं पाणी करंगळीएवढ्या धारेने अजून येत होतं.

मी धावले. पाइपावरचा दगड उचलून लांब फेकला. बादली उपडी केली आणि गाडीखाली सरकवली. मग नळ बंद केला.

क्रम बघा. आधी दगड, मग बादली, मग नळ. हातांनी आधी केलं, मनाला नंतर कळलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. मला सगळं कळत होतं. पाणी वाहत असताना मी पुरावा आवरत होते.

तेवढ्यात चाचा धापा टाकत आले. "मैडम, टंकी खलास! अभी तो टैंकर डाल के गया था। पूरी की पूरी खलास।" त्यांची नजर वाळूवर गेली. तातडीने मागवला तरी पुढचा टँकर दुसऱ्या दिवशी दुपारीच येणार होता. आठ कुटुंबं, लहान मुलं, म्हातारी माणसं. आणि त्यांना त्यांच्या मालकाला फोन करून हे सांगायचं होतं.

नवरा पोचला. त्याने लोंबणारा पाइप पाहिला, वाळू पाहिली, आणि मागून दगड सांभाळत येणाऱ्या लेकीला विचारलं, "नळ बंद केला नव्हतास?"

"आय क्लोज्ड इट."

"आणि पाइप? नीट बसला होता? टक् झालं होतं?"

"हो! टक् झालं होतं. बाबा, आय प्रॉमिस, आय क्लोज्ड इट."

"मग उघडला कोणी? भुताने?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी सॅल्यूट पाहिला होता हे तिला माहीत होतं. ती माझी साक्ष मागत होती, अकरा वर्षांच्या मुलीला मागता येते तशी, नुसती बघून.

आणि मी म्हणाले, "अगं, होतं असं. कबूल कर, कुणी रागावणार नाही."

एवढंच. आवाज चढवला नाही, उलट गोड काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण फाशी देणारा निदान डोक्यावरून हात तरी फिरवत नाही. मी फिरवला.

का केलं मी असं? नवरा फार तर दोन दिवस चिडला असता. चाचांची माफी मागता आली असती. पण मी पाण्यावर भाषणं देणारी बाई होते. शेजारच्या जागेवरच्या मुलीला सकाळीच मी नळ वाहता ठेवल्याबद्दल टोकलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं सगळ्यांना दिसलं असतं, आणि ते मला नको होतं. माझ्या मिजाशीसाठी मी लेक पुढे केली. याहून चांगलं कारण मला आजही सापडलेलं नाही.

तिने हातातला शिंपल्याचा दगड वाळूवर ठेवला. मग खाली बघत म्हणाली, "मेबी आय फर्गॉट."

नवऱ्याने गाडीतलं बाटल्यांचं पाणी काढलं आणि तिला घेऊन प्रत्येक जागेवर गेला. दोन-दोन बाटल्या द्यायच्या आणि सॉरी म्हणायचं. त्याच्या मते तो तिला जबाबदारी शिकवत होता. मी गाडीच्या दारात उभी राहून बघत होते. शेजारी एक सौदी कुटुंब होतं. त्यांच्या आजीने तिचं बोलणं ऐकून घेतलं, "मालेश, मालेश" म्हणजे असू दे, असू दे म्हणत तिला जवळ ओढलं आणि मूठभर खजूर दिले. तोपर्यंत न रडलेली माझी मुलगी तिथे रडली. परक्या बाईच्या कुशीत.

मग सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ झाली. हातपाय धुवायला पाणी नव्हतं. पाणी नसलं तर कोरड्या मातीवर हात टेकवून चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवतात, ती त्यांच्याकडे रीत आहे. शेजारचे पुरुष बाहेर आले, आमच्या बाजूची वाळू ओली बघून शांतपणे पलीकडे गेले आणि कोरड्या जागी खाली वाकले. चाचाही त्यांच्यात होते. कुणी आमच्याकडे रागाने बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला, सगळं सुरळीत झालं आणि मला वाटलं, आता कशाला उकरायचं. पुढच्या सहलीला लेकीने पाण्याला हात लावला नाही. "बाबा, तू कर," म्हणाली. कपाटाच्या दारावरच्या कागदावर सगळ्यांत खाली, पेन्सिलीने, एक नवी ओळ होती: तीनदा बघ. ती मी वाचली आणि कपाट लावून टाकलं. वर्षभरात नवऱ्याचा छंद ओसरला, गाडी विकली गेली. कागद गाडीबरोबर गेला. ओळ आमच्याकडे राहिली.

हळूहळू त्या प्रसंगाचा विनोद झाला. नवरा तो फार रंगवून सांगतो. त्या डॉक्टरांकडेही जेवताना त्याने सांगितला: "आमच्या पाणीमंत्र्यांनी एकदा अख्खा कॅम्प कोरडा केला!" सगळे हसले. लेकही हसली आणि शेवटचं वाक्य तिनेच पुरवलं, "अँड आय सेड, आय प्रॉमिस, आय क्लोज्ड इट!" तिने स्वतःचा लहानपणीचा रडका आवाज काढला होता. टेबलावर टाळ्या पडल्या. मी उठून सगळ्यांना शिरा वाढला.

दोन दिवसांनी आम्ही दोघीच स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसलो होतो. मी म्हटलं, "तो कॅम्पवरचा नळ मी उघडा ठेवला होता." आणि सगळं सांगितलं. दगड, बादली, आईचं वाक्य, सगळं.

तिने शांतपणे ऐकलं. मग हसली. "आई, प्लीज. मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नकोस."

"अगं खरंच सांगतेय."

"मला आठवतंय ना. टक् झालंच नव्हतं. हाताला कळलं होतं मला, पण वर जायची घाई होती."

"टक् झालं होतं म्हणून तूच सांगत होतीस!"

"लहान होते. खोटं बोलत होते." तिने एक काडी मोडली. "आणि पाणी नसलेला नळ कोण उघडा ठेवून जातं? नोबडी डज दॅट. गोष्ट तरी पटेल अशी सांग."

ती उठली, माझ्या डोक्यावर ओठ टेकवले आणि सिंकचा नळ बंद आहे ना ते बघितलं. तीनदा.

आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. सांगूनही झालं होतं आणि शिक्षाही झाली नव्हती. त्या हलकं वाटण्याचीच मला आता जास्त लाज वाटते. मी खोटं बोलले ते एकदाच, पण तिला ते खरं करून घ्यायला आठ वर्षं लागली होती. तिने तो हात, तो पाइप, ते न झालेलं टक्, सगळं स्वतः तयार केलं होतं, कारण तिची आई खोटं बोलेल यापेक्षा आपणच विसरलो असू, हे तिला सोपं गेलं.

मागच्या महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी तिचा पुण्याहून फोन आला. आवाज बसला होता. मी विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, भांडण झालं. त्यांच्या इमारतीची मोटर बिघडली होती, सकाळपासून पाणी नव्हतं. तिची मैत्रीण कुठल्याशा क्लासला निघाली होती, आणि निघताना तिने स्वयंपाकघरातला कोरडा नळ पूर्ण उघडा केला, खाली बादली सरकवली आणि चपला घालायला लागली.

"मी इतकी ओरडले तिच्यावर, आई. इतकी. पूर्ण बिल्डिंगला ऐकू गेलं असेल. मी धावत जाऊन नळ बंद केला, ती बघतच राहिली. म्हणाली, एवढं काय झालं? आमच्या बीडला सगळे असंच करतात." ती थांबली. "म्हणाली, राहू दे गं, आलं की कळेल."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"अगदी तेच वाक्य, आई."

"हो."



"म्हणजे टक् झालं होतं."

"झालं होतं."

"मी बंद केला होता नळ."

"हो. मी पाहिलं होतं."

"मी खोटं बोलत नव्हते."

"नाही, बाळा. तू नाही."

ती रडेल असं मला वाटलं. रडली असती तर मला समजूत काढता आली असती, ते मला येतं. ती रडली नाही.

"बाबाला सांगितलंस?"

"नाही."

"मला सांगून सहा महिने झाले. बाबाला नाही सांगितलंस?"

"नाही."

"कुठे आहे तो आत्ता?"

"हॉलमध्ये. मॅच बघतोय."

"मग तिकडे जा," ती म्हणाली, "आणि मला स्पीकरवर टाक."

मी हात पुसले आणि फोन घेऊन हॉलमध्ये गेले.